जुन्या सीएनसीला सेन्सर लावून इन्सर्टची झीज कशी पकडायची

साकीनाका घ्या, वसई पूर्व घ्या, ठाण्याचं वागळे इस्टेट नाहीतर रबाळे-महापे, कुठल्याही गाळ्यात शिरलात की एखादं जुनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) लेथ नाहीतर व्हीएमसी (उभं सीएनसी मिलिंग मशीन) चालू असतंच, आणि इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवलेली कार्बाइडची कापणारी टिकली) कधी बदलायचा हे तिथे दोनच गोष्टींवर ठरतं, एक सेटरचा (मशीनवर टूल लावून देणाऱ्या कारागिराचा) कान आणि दुसरं म्हणजे "पन्नास जॉब झाले की कोपरा फिरव" असा मशीनच्या दारावर मार्करने लिहिलेला आकडा. कोपरा फिरवणं म्हणजे इन्सर्ट फिरवून नवी धार पुढे आणणं. दोन्ही पद्धती वर्षानुवर्षं चालत आल्यात. पण सेटर गणपतीला गावी गेला की त्याचा कान गाळ्यात राहत नाही, आणि आकडा नेहमी भीतीपोटी कमीच ठेवलेला असतो, त्यामुळे अर्धं आयुष्य शिल्लक असलेला कोपरा फेकला जातो. माझं कामच ह्या विषयातलं आहे, कटिंग चालू असताना सेन्सरवरून टूलची अवस्था ओळखायची, आणि प्रोजेक्ट करणारी मुलं असोत की गाळेवाले, सगळे एकच विचारतात की सुरुवात कुठून करू, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सिग्नल गोळा करणं अवघड नाही. तो सिग्नल आला तेव्हा इन्सर्टची धार नेमकी कशी होती हे मोजून लिहून ठेवलेलं नसेल तर हार्ड डिस्क भरेल, हाती काही लागणार नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात सेन्सर विकत घ्यायचाच नाही. प्रत्येक मशीनजवळ वापरलेल्या इन्सर्टचा डबा असतो, भंगारवाला कार्बाइड किलोवर घेतो म्हणून तो जपलेला असतो. तो डबा मागून घ्या. इन्सर्ट थिनरने धुवा, पुसा आणि यूएसबी मायक्रोस्कोपखाली एक एक धरून बघा. समजा तुमच्याकडे टर्निंगचा सीएनएमजी १२०४०८ आहे, म्हणजे ८० अंशाचा, दोन्ही बाजूंनी वापरता येणारा, चार धारा असलेला आणि नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी. इन्सर्ट उभा धरून बाजूचा चेहरा बघा, वरचा नाही. सोनेरी नाहीतर काळं कोटिंग असतं, त्यात धारेला लागून खाली एक चकचकीत राखाडी पट्टी दिसेल, कोटिंग घासून आतलं कार्बाइड उघडं पडलेली. ही फ्लँक वेअर. ह्या पट्टीची रुंदी हाच तुमचा आकडा, पुस्तकात त्याला व्हीबी म्हणतात. वरच्या चेहऱ्यावर चिप घासून खळगा पडतो ती क्रेटर वेअर, ती वेगळी. काही इन्सर्टवर पट्टीच नसेल, सरळ तुकडा उडालेला असेल, ते चिपिंग. काहींवर जॉबचा धातू चिकटून बसलेला दिसेल, बिल्ट-अप एज, तो काढल्याशिवाय मोजमाप घेऊ नका, नाहीतर पट्टी खोटी दिसते.

मायक्रोस्कोपवर लिहिलेल्या झूमच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली चांगली स्टीलची पट्टी त्याच फोकसला ठेवून फोटो काढा, किती पिक्सेलला एक मिलिमीटर हे एकदा काढून घ्या, मग स्टँड आणि फोकस हलवायचा नाही. कॉलेजमध्ये असाल तर टूलमेकर्स मायक्रोस्कोप वापरा, व्हीजेटीआयसारख्या जुन्या कॉलेजांच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये असतोच. आयएसओ ३६८५ ह्या टर्निंगच्या स्टँडर्डमध्ये मर्यादा दिलीय, पट्टी सारखी घासलेली असेल तर सरासरी ०.३ मिमी, आणि वेडीवाकडी असेल तर सगळ्यात जास्त ठिकाणी ०.६ मिमी. ही रफिंगसाठी (पहिल्या जाड कटसाठी) बरी. फिनिशिंगला गिऱ्हाईकाला हवा तो रफनेस मिळतोय का आणि साइज धरून ठेवतोय का ह्यावर तुमची मर्यादा येते, बहुतेक वेळा ती बरीच अलीकडे असते.

डबा बघून झाला की तुम्हाला आपोआप कळेल की तुमच्याकडे खरा प्रॉब्लेम कुठला आहे. पट्ट्या बारीक बारीकच असतील तर इन्सर्ट लवकर बदलले जातायत, तुमचा फायदा आयुष्य वाढवण्यात आहे. अर्धे इन्सर्ट तुकडा उडालेले असतील तर हळूहळू होणारी झीज मोजून उपयोग नाही, तुम्हाला अचानक तुटणं पकडणारी सिस्टीम लागेल, आणि आधी होल्डर, क्लॅम्पिंग, ओव्हरहँग (टूल पकडीबाहेर किती लांब आलंय) तपासा कारण तिथेच कारण असण्याची शक्यता जास्त. दोन्हीला सेन्सर वेगळा, सॅम्पलिंग वेगळं, अलार्मचं लॉजिक वेगळं. हे न ठरवता लोक आधी बोर्ड विकत घेतात.

आता थोडं टेलरबद्दल, कारण प्रयोगाची वेळ ह्याच हिशोबाने ठरवायची आहे. १९०७ साली एफ. डब्ल्यू. टेलर यांनी मांडलेलं समीकरण आजही पहिला अंदाज द्यायला पुरतं: कटिंग स्पीड गुणिले टूल लाइफचा एन घात म्हणजे स्थिरांक. कार्बाइडला एन साधारण ०.२५ धरतात. म्हणजे स्पीड १० टक्के कमी केला तर आयुष्य साधारण दीडपट, आणि २० टक्के वाढवला तर निम्म्याच्याही खाली. ह्याचा अर्थ असा की तुमचा डेटा गोळा होत असताना ऑपरेटरने ओव्हरराइडचा (प्रोग्राममधला वेग टक्क्यांनी कमी-जास्त करणारा) नॉब १०० वरून १२० वर नेला तर सगळी गणितं बदलली, आणि नॉब हलवला हे कुठे लिहिलं गेलं नाही तर तुम्ही महिनाभर डोकं खाजवत बसाल. म्हणून डेटा घेताना स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) दोन्ही ओव्हरराइड १०० ला, आणि ते ऑपरेटरला समजावून, दमदाटीने नाही.

एक मशीन, एक जॉब, एकच टूल, आणि शक्यतो रफिंगचा कट. एवढंच निवडा. समजा ईएन ८ ह्या स्टीलचा ४० मिमी व्यासाचा बार आहे, स्पीड २०० मीटर प्रति मिनिट. आरपीएम काढायला २०० गुणिले १००० भागिले पाय गुणिले ४०, येतात साधारण १५९०. कट २ मिमी, फीड फेऱ्याला ०.२५ मिमी. अशा स्टीलला कापायचा विशिष्ट जोर साधारण २००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर पॉवर निघते ३.३ किलोवॅटच्या आसपास. आता तोच जॉब फिनिशिंगला, कट ०.३, फीड ०.१, पॉवर फक्त ०.२ किलोवॅटच्या घरात, चिप पातळ झाल्यावर विशिष्ट जोर वाढतो म्हणून थोडी जास्त धरा. मशीनची मोटर साडेसात किलोवॅटची असेल तर रफिंगमध्ये लोडमीटर छान वर जातो, झीज झाली की आणखी वर सरकतो, आणि फिनिशिंगमध्ये त्याला कळतही नाही की टूल जॉबला लागलंय. हा छोटासा हिशोब वहीत केलात तर कुठला सेन्सर घ्यायचा ह्याचं निम्मं उत्तर मिळालं.

रफिंग असेल तर करंट नाहीतर स्पिंडल लोडपासून सुरू करा, सगळ्यात स्वस्त आणि कूलंटपासून सगळ्यात लांब. कंट्रोलरला इथरनेट असेल तर लोड तिथूनच वाचता येतो, फॅनकला फोकास नावाची लायब्ररी आहे, नव्या मशीनवर डेटा वाचायचे ओपीसी यूए नाहीतर एमटीकनेक्ट हे ठरलेले मार्ग मिळू शकतात. जुन्या मशीनवर बऱ्याच स्पिंडल ड्राइव्हना लोडमीटरसाठी ० ते १० व्होल्टचं आउटपुट दिलेलं असतं, मॅन्युअलमध्ये शोधा. तेही नसेल तर ड्राइव्हच्या इनपुटला क्लिप होणारा करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी) लावायचा. इथे तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. सीटी एका फेजच्या वायरभोवतीच लावायचा, तिन्ही वायर एकत्र असलेल्या केबलभोवती लावलात तर बेरीज शून्य येते. मशीनच्या मेन इनकमरला लावू नका कारण कूलंट पंप, हायड्रॉलिक, सगळ्यांचा करंट त्यात मिसळतो, काही मशीनवर स्पिंडल आणि सर्व्होची (टूल-टेबल सरकवणाऱ्या मोटरची) पॉवर सप्लाय एकच असते तिथेही हीच भानगड. आणि ड्राइव्हच्या आउटपुटला साधा सीटी लावू नका, तिथे फ्रिक्वेन्सी बदलत असते आणि कमी आरपीएमला सीटी नीट वाचतच नाही, तिथे हॉल इफेक्टवाला सेन्सर लागतो.

पॅनेल उघडायचं काम इलेक्ट्रिशियनच्या हातून करून घ्या. ४१५ व्होल्ट थ्री फेज आहे, आणि मेन बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात, ड्राइव्हवर किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबून मीटरने तपासून मगच हात. मोठ्या सीटीचं सेकंडरी उघडं ठेवून लाइन चालू करायची नाही, तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं. ह्या बाबतीत "एका मिनिटाचं काम आहे" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका.

करंटची एक मर्यादा आहे, मोटर आणि स्पिंडलचं जडत्व मध्ये येतं, त्यामुळे झटपट होणाऱ्या गोष्टी गुळगुळीत होऊन दिसतात. धारेचा बारीक तुकडा उडाला तर करंटमध्ये तो उशिरा कळतो नाहीतर कळतच नाही. तिथे व्हायब्रेशन मोजायचं, त्याचा सेन्सर म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. लॅमिंग्टन रोडला एडीएक्सएल ३४५ नाहीतर एमपीयू ६०५० चे बोर्ड अगदी थोड्या पैशांत मिळतात आणि शिकायला ते ठीक आहेत, पण एडीएक्सएल ३४५ सेकंदाला जास्तीत जास्त ३२०० सॅम्पल देतो आणि एमपीयू ६०५० चा अ‍ॅक्सेलरोमीटर १००० च. आता व्हीएमसीवर चार फ्लूटचं एंडमिल ३००० आरपीएमला फिरतंय समजा, दात लागायची फ्रिक्वेन्सी झाली ३००० गुणिले ४ भागिले ६०, म्हणजे २०० हर्ट्झ. तिच्या पटीतल्या २००० पर्यंतच्या फ्रिक्वेन्सी तरी बघायच्या असतील तर किमान ४००० च्या वर सॅम्पल हवेत, आणि मी तरी १०,००० च्या खाली जात नाही. कमी सॅम्पलिंगचा धोका नुसता माहिती हुकण्याचा नाही, १०,००० ला सॅम्पल करताना ९००० हर्ट्झचा खरा सिग्नल आला तर तो १००० हर्ट्झवर दिसतो, आणि तुम्ही त्या खोट्या शिखराचा अर्थ लावत बसता. म्हणून सॅम्पलिंगच्या आधी अँटी-अलायझिंग (अशा वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच कापणारा) फिल्टर लागतोच. एडीएक्सएल १००२ सारखा अ‍ॅनालॉग सेन्सर ११ किलोहर्ट्झपर्यंत जातो, तो चांगला मधला मार्ग. कॉलेजमध्ये आयईपीई (लॅबच्या दर्जाचा) अ‍ॅक्सेलरोमीटर आणि २४ बिटचं डॅक (सिग्नल नोंदवणारं) कार्ड असेल तर प्रश्नच मिटला. ईएसपी ३२ ह्या स्वस्त बोर्डातला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १२ बिटचा आहे पण सरळ रेषेत वाचत नाही आणि सिग्नलमध्ये गोंगाट बराच मिसळतो, त्याला बाहेरून वेगळा एडीसी जोडा.

अकूस्टिक एमिशन (धातूत उठणाऱ्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी) पकडणाऱ्या सेन्सरबद्दल मुलं फार विचारतात. तो १०० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकतो, त्यामुळे जमिनीतून येणारी थरथर त्याच्यापर्यंत पोचत नाही, धार तुटायला लागली की लगेच ओरडतो, गुण मोठेच आहेत. पण महाग, प्रीअँप्लिफायर लागतो, सॅम्पलिंग लाखांत जातं, आणि कूलंटचा फवारा थेट सेन्सरवर पडला तर तोही त्याला ऐकू येतो. पहिल्या प्रोजेक्टला नको. फोर्स डायनॅमोमीटर (कटिंगचा जोर मोजणारं उपकरण) म्हणाल तर तो लॅबमध्येच शोभतो, प्रॉडक्शनच्या मशीनवर त्याच्यामुळे सेटअपची ताकदच बदलते.

आता बसवणं. माझ्या मते सगळ्यात जास्त डेटा इथेच बिघडतो, त्यामुळे जरा थांबून सांगतो. सेन्सर धारेच्या जितका जवळ तितका चांगला, पण केबल फिरत्या भागात अडकणार नाही आणि चिप्सचा मारा बसणार नाही अशी जागा हवी. व्हीएमसीवर स्पिंडलच्या हाउसिंगवर, खालच्या बेअरिंगजवळ. टेबलावर लावू नका, जॉबची जागा बदलली की सिग्नल बदलतो. लेथवर टरेट (टूल धरणारी चकती) फिरतो, म्हणून टरेटच्या मागच्या न फिरणाऱ्या हाउसिंगवर लावा, एकाच टूलवर प्रयोग असेल आणि टरेट फिरणारच नसेल तर सरळ होल्डरवर. पृष्ठभाग रंगाचा नको. रंग खरवडा, पॉलिश पेपर मारा, थिनरने पुसा. स्टडने स्क्रू केलेला सेन्सर सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत खरं सांगतो, चिकटवलेला त्याच्या खालोखाल, आणि मॅग्नेटवर लावलेल्याचं साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे मी तरी मनावर घेत नाही. सोय म्हणून मॅग्नेटने सुरुवात करा, दोन-चार जागा ठोकून बघा, चांगली जागा सापडली की चिकटवून टाका. केबल सेन्सरपासून काही सेंटिमीटरवर बांधून टाकायची, लोंबती राहिली तर ती हलते आणि तिचंच हलणं सिग्नलमध्ये येतं. सर्व्होच्या पॉवर केबलपासून लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. आणि केबल आत घ्यायची म्हणून दाराचा इंटरलॉक कधीही बायपास करायचा नाही, मागच्या शीटमेटलला भोक पाडून ग्लँड लावा, मालकाला विचारून.

मुंबईत आणखी दोन गोष्टी. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुमचा गाळा पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतो, शेजारी पॉवर प्रेस ठोकत असतो, आणि तो ठोका स्लॅबमधून तुमच्या मशीनपर्यंत येतो. स्पिंडल बंद ठेवून दहा मिनिटं नुसतं रेकॉर्ड करा, प्रेसचा ठोका ठरावीक अंतराने उठलेला दिसेल. तो बहुतेक खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, शंभर-दोनशे हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापून टाकलं तर बराच जातो, पण आधी आपल्या दात लागायच्या फ्रिक्वेन्सीला हात लागत नाही ना ते बघा. दुसरं पावसाळा. जून ते सप्टेंबर दमट हवेत तांब्याचे कनेक्टर हिरवे पडतात, बोर्डावर ओल येते आणि सिग्नल हळूहळू सरकत जातो, बघणाऱ्याला वाटतं टूल झिजतंय. बोर्ड बंद डब्यात, आत सिलिका जेल, कनेक्टर आयपी ६७ (पाणी-धूळ आत न जाणारे), आणि सांध्यांवर सिलिकॉन.

बसवून झालं तरी एक प्रश्न राहतोच. नोंदीतला कुठला तुकडा कुठल्या कटचा? दिवसभराची एक मोठी फाइल कोणी वाचू शकत नाही. मशीनलाच सांगायला लावा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये एखादा रिकामा एम कोड (प्रोग्राममधून मशीनचं काही चालू-बंद करायची आज्ञा) आणि त्याचं आउटपुट असतं, प्रोग्राममध्ये कटच्या आधी चालू आणि नंतर बंद लिहिलं की २४ व्होल्टचा सिग्नल मिळतो, तो पीसी ८१७ सारख्या ऑप्टोकप्लरमधून (वायर न जोडता प्रकाशाने सिग्नल पुढे देणाऱ्या चिपमधून) तुमच्या बोर्डाला द्या, थेट देऊ नका, बोर्ड जळेल. एम कोड नसेल तर टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्यावरून सायकल सुरू-बंद तरी कळते. शिवाय मशीनशेजारी एक वही. जॉब नंबर, इन्सर्टचा नंबर, कुठला कोपरा, बारचा लॉट, कूलंट कधी भरला, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) किती मारला. ऑफसेटचा आकडा तर सोन्यासारखा आहे, धार झिजली की व्यास वाढत जातो आणि ऑपरेटर तो भरून काढतो, म्हणजे झिजेची एक नोंद तो रोज फुकटात देतच असतो. कागदावर लिहिलेलं पुरतं, फक्त घड्याळ आणि बोर्डाची वेळ सकाळी जुळवून घ्या. डेटा एसडी कार्डवर साठवा, वायफायवर अवलंबून राहू नका.

रोज सकाळी स्पिंडल पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या, मग जॉब न लावता तोच प्रोग्राम त्याच आरपीएमला हवेत चालवून रेकॉर्ड करा. हा एअर कट म्हणजे त्या दिवसाचं शून्य. बेअरिंग, बेल्ट, ड्राइव्ह सगळ्यांचा आवाज त्यात येतो, आणि महिन्याभराच्या एअर कटची तुलना केली तर स्पिंडलची तब्येतही कळते. मग नवा कोपरा लावून कटिंग सुरू, आणि ठरावीक जॉबनंतर थांबून इन्सर्ट काढून फोटो. दर वेळी काढल्याने बसवण्यात फरक पडतो, म्हणून पॉकेट हवेने साफ करून, एकाच टॉर्कने घट्ट करा. सुरुवातीला जवळजवळ मोजा कारण पहिली झीज भराभर होते, मधला लांब टप्पा संथ आणि सरळ जातो तिथे अंतर वाढवा, आणि पट्टी ०.२ च्या पुढे गेली की पुन्हा जवळजवळ, शेवटचा टप्पा एकदम घसरतो. हाच शेवटचा टप्पा सुरू व्हायच्या आधी आपल्याला सांगायचंय.

डेटा आला की लगेच न्यूरल नेटवर्ककडे धावू नका. कट स्थिर चालू असतानाचा मधला भाग घ्या, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा सोडा. त्याचा आरएमएस (सिग्नलची सरासरी ताकद) काढा, कर्टोसिस काढा (सिग्नल किती टोकदार आहे त्याचा आकडा, साधा गोंगाट असेल तर तीनच्या आसपास असते, ठोके बसायला लागले की वर उडते), आणि चार-पाच फ्रिक्वेन्सी पट्ट्यांमधली एनर्जी काढा. प्रत्येकाचा जॉब नंबरप्रमाणे आलेख, आणि त्याच आलेखावर तुम्ही मोजलेली व्हीबी. डोळ्यांनी बघा कुठला आकडा झिजेबरोबर चढतो. बहुतेक वेळा एक-दोनच चढतात, तेवढ्यांवर काम होतं. नव्या कोपऱ्याच्या पहिल्या काही जॉबची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, सरासरीच्या वर तीन डेव्हिएशन ही पहिली मर्यादा ठेवा, आणि सलग तीन जॉब वर गेले तरच दिवा लावा. एका जॉबवर लावलात तर बारमधला एखादा कडक भाग नाहीतर अडकलेली चिप दिवा पेटवेल, आणि दोन खोट्या अलार्मनंतर ऑपरेटर त्या दिव्याकडे बघणं सोडून देईल.

आलेखात अचानक एखादं मोठं शिखर दिसलं तर ते झिजेचं आहे की चॅटरचं (टूल-जॉब स्वतःहून थरथरू लागण्याचं) हे तपासा. मशीन बंद ठेवून होल्डरला छोट्या पितळी हातोडीने टिचकी मारा आणि सेन्सरवर उमटलेली फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा. कटिंगमधलं शिखर त्याच्या जवळपास असेल आणि आरपीएमच्या किंवा दाताच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीत नसेल तर ते चॅटर, इन्सर्ट बदलून जाणार नाही. ओव्हरहँग कमी करा, आरपीएम थोडे हलवा, कट कमी करा. जॉबवर पडलेल्या लाटा नखाने चाचपल्या तरी कळतात.

मॉडेल करायचंच असेल तर, विशेषतः एमईच्या आणि पीएचडीच्या मुलांना, एक कळकळीने सांगतो. सगळे तुकडे एकत्र करून रँडम शफल मारून ट्रेन आणि टेस्ट करू नका. एकाच कोपऱ्याचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले की मॉडेल झीज शिकत नाही, तो कोपरा ओळखायला शिकतं, अचूकता भरपूर दिसते आणि नव्या इन्सर्टवर सगळं कोसळतं. एक अख्खा कोपरा बाजूला ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, त्याच्यावर तपासा, असं आळीपाळीने प्रत्येकावर. तो आकडा कमी येईल पण खरा येईल. स्वतःचा डेटा येईपर्यंत हात बसवायला नासाचा मिलिंगचा डेटा सगळ्यांना खुला आहे, त्यात अकूस्टिक एमिशन, व्हायब्रेशन आणि करंट तिन्ही आहेत आणि फ्लँक वेअर मोजलेली आहे. २०१० च्या पीएचएम (यंत्रांच्या तब्येतीचा अंदाज बांधण्याच्या) स्पर्धेचा हायस्पीड मिलिंगचा डेटाही आहे. पण त्यावर शिकवलेलं मॉडेल उचलून वसईच्या लेथवर लावू नका, मशीन वेगळं, टूल वेगळं, धातू वेगळा.

ह्या सगळ्यात सेटरला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. मी ज्या गाळ्यांत जातो तिथे जुन्या सेटरना सगळे काका म्हणतात, आणि "काका, आता आवाज कसा वाटतोय?" असं विचारलं की ते हातातलं काम न सोडता सांगतात, "फाटला रे आवाज, अजून दोन जॉब जातील, मग फिरव कोपरा." हे वाक्य वेळेसकट वहीत लिहा. त्यांचं मत आणि मायक्रोस्कोपची पट्टी शेजारी शेजारी मांडलीत तर कित्येकदा दिसतं की कान कर्टोसिसच्या आधीच बोललेला असतो. त्यांना हेही स्पष्ट सांगा की हा डबा टूलवर लक्ष ठेवायला आहे, माणसावर नाही, आणि मालकाकडूनही तसा शब्द घ्या, सायकल टाइमचा डेटा कोणाच्या पगाराशी जोडणार नाही असा. हा शब्द मिळाला नाही तर काम सुरू करू नका.

दिवा नीट चालायला लागला की मालक म्हणतात की आता मशीन आपोआप थांबवा. घाई नको. निदान काही महिने फक्त दिवा. नंतर करायचंच तर मशीन बनवणाऱ्याच्या सर्व्हिस इंजिनीअरकडून पीएलसीमध्ये (मशीनच्या आतल्या कंट्रोलमध्ये) फीड होल्ड (टूलचं पुढे सरकणं थांबवणं) घेऊन करा. फीड होल्डच, स्पिंडल स्टॉप नाही, टूल जॉबमध्ये असताना स्पिंडल थांबला तर धार तिथेच तुटते. थ्रेडिंग चालू असताना फीड होल्ड पास संपेपर्यंत ऐकत नाही, हेही ऑपरेटरला माहीत हवं. आणि इमर्जन्सी स्टॉपच्या सर्किटला तुमच्या बोर्डाची एकही वायर लागता कामा नये.

जॉब बदलला, बारचा लॉट बदलला, इन्सर्टचा ग्रेड बदलला की मर्यादा नव्याने काढायची, पहिल्या नव्या कोपऱ्याचे जॉब रेकॉर्ड करून. महिन्यातून एकदा तीच पितळी हातोडी, तीच टिचकी, आणि आलेली फ्रिक्वेन्सी पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून बघायची, फरक पडला असेल तर सेन्सर सुटलाय नाहीतर होल्डर ढिला झालाय. दुसऱ्या मशीनवर जायचं असेल तर पहिल्यावरची मर्यादा तिथे कॉपी करू नका, एकाच मॉडेलची शेजारशेजारची दोन मशीनही वेगळी बोलतात. तिथेही पुन्हा आधी इन्सर्टचा डबा, मग एअर कट, मग मोजमाप.